विश्लेषण : परदेशात एक सत्र, पण श्रेयांकांचे काय? कर्जत-खालापूरच्या विद्यार्थ्यांसाठी ‘एक्स्चेंज’ची वाट कुठे अडते?

परदेशी शिक्षण म्हटले की दोन वर्षांची पदवी, त्यासाठी काढलेले भलेमोठे कर्ज आणि पुढे तिकडेच नोकरीची धडपड, असे चित्र डोळ्यांसमोर येते. त्याहून कमी खर्चाची एक वाट आहे आणि तिची चर्चा फारशी होत नाही. पदवी इथल्याच विद्यापीठाची, फक्त एक सत्र परदेशी विद्यापीठात शिकायचे, शुल्क मात्र इथलेच भरायचे. यालाच ‘स्टुडंट एक्स्चेंज’ म्हणजे विद्यार्थी देवाणघेवाण म्हणतात. कर्जत आणि खालापूर हे तालुके मुंबई आणि पुणे या दोन मोठ्या विद्यापीठांच्या शहरांच्या मधोमध आहेत, लोकल आहे, द्रुतगती मार्ग आहे. तरीही इथल्या पदव्युत्तर विद्यार्थ्यापर्यंत ही वाट सहसा पोहोचत नाही. पोहोचली तरी परतल्यावर खरा त्रास सुरू होतो. असे का होते?

एक्स्चेंज म्हणजे नेमके काय?

दोन विद्यापीठांत आधी करार होतो. त्यानुसार दोन्हीकडून दरवर्षी ठरावीक विद्यार्थी एकमेकांकडे जातात. विद्यार्थी आपल्या विद्यापीठाचे शुल्क भरत राहतो, समोरचे विद्यापीठ त्याच्याकडून शिकवणी शुल्क घेत नाही. अर्ज थेट परदेशी विद्यापीठाकडे करता येत नाही. आपल्या विद्यापीठाने नाव सुचवावे लागते. जाण्यापूर्वी एक कागद तयार होतो, तो म्हणजे ‘लर्निंग अ‍ॅग्रीमेंट’. तिकडे कोणते विषय शिकणार आणि त्यांच्या बदल्यात इथले कोणते विषय माफ होणार, हे त्यात लिहिलेले असते. त्यावर विद्यार्थी आणि दोन्ही विद्यापीठे अशा तिघांच्या सह्या असतात.

इथे एक गफलत नेहमी होते. ‘इरॅस्मस मुंडस’ची शिष्यवृत्ती मिळवून युरोपात दोन वर्षे शिकणारे भारतीय विद्यार्थी बरेच आहेत. पण ती पूर्ण परदेशी पदवी असते, एक्स्चेंज नव्हे. युरोपीय संघाच्याच ‘इरॅस्मस प्लस’ योजनेत एक्स्चेंजचा वेगळा विभाग आहे. त्यात दोन ते बारा महिने जाता येते आणि देशानुसार महिना साधारण ८०० ते ९०० युरो मिळतात. अट एकच, पण तीच कळीची. आपल्या संस्थेने युरोपातील संस्थेशी आधी करार केलेला हवा. विद्यार्थी कितीही हुशार असला तरी संस्थेचा करार नसेल तर त्याला या योजनेत प्रवेश नाही.

कर्जत-खालापुरात नेमकी अडचण कोणती?

कर्जत आणि खोपोलीतील बहुतांश महाविद्यालये मुंबई विद्यापीठाशी संलग्न आहेत. संलग्न महाविद्यालय शिकवते, पण अभ्यासक्रम, परीक्षा आणि पदवी विद्यापीठाची. त्यामुळे महाविद्यालयाच्या प्राचार्यांना मनापासून वाटले तरी परदेशी विद्यापीठाचे श्रेयांक (क्रेडिट) आपल्या विद्यार्थ्याच्या गुणपत्रिकेवर चढवण्याचा अधिकार त्यांना नाही. तो अधिकार कलिनाच्या कारभाराकडे. करार झाले तर तेही तिथेच होणार, आणि त्याची सूचना लागणार ती विद्यापीठाच्या विभागांतील फलकावर. खोपोलीच्या महाविद्यालयातील मुलीला ती कळेपर्यंत नावे पाठवण्याची मुदत टळून गेलेली असते.

नियम आडवे येतात असेही नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने मे २०२२ मध्ये परदेशी संस्थांबरोबरच्या सहकार्याचे नियम सैल केले. नॅकचे किमान ३.०१ गुण असलेल्या किंवा राष्ट्रीय क्रमवारीत पहिल्या शंभरात असलेल्या भारतीय विद्यापीठाला, जागतिक क्रमवारीत पहिल्या हजारात असलेल्या परदेशी विद्यापीठाशी आयोगाच्या वेगळ्या परवानगीशिवाय करार करता येतो. ‘ट्विनिंग’ प्रकारात एकूण श्रेयांकांपैकी ३० टक्क्यांपर्यंत श्रेयांक परदेशात मिळवता येतात. मुंबई विद्यापीठाला २०२१ मध्ये नॅकची ‘ए प्लस प्लस’ श्रेणी मिळाली, गुण ३.६५. म्हणजे पात्रतेचा प्रश्न केव्हाच सुटला आहे. प्रश्न उरतो तो पात्रता विद्यापीठाकडे आणि विद्यार्थी शंभर किलोमीटरवर, या अंतराचा.

याच कर्जत तालुक्यात दुसरे चित्रही आहे. कुशिवली येथे २००९ मध्ये सुरू झालेल्या व्यवस्थापन संस्थेचे रूपांतर पुढे ‘युनिव्हर्सल एआय विद्यापीठ’ या खासगी विद्यापीठात झाले. खासगी विद्यापीठ स्वतः परीक्षा घेते, स्वतः पदवी देते, त्यामुळे परदेशी संस्थेशी करार करून श्रेयांक मान्य करण्याचा निर्णय त्याच आवारात होऊ शकतो. मात्र अशा संस्थेचे शुल्क आसपासच्या गावांतील घरांना झेपणारे नसते. एकाच तालुक्यात एका आवारात परदेशी सत्र हा माहितीपत्रकातला ठळक मुद्दा, तर दुसऱ्या आवारात तो शब्दही कानावर आलेला नाही.

श्रेयांकांचे गणित का जुळत नाही?

हा या सगळ्या प्रकरणाचा गाभा आहे, म्हणून थोडे सविस्तर. समजा, खोपोलीची एक एमएस्सीची विद्यार्थिनी एका सत्रासाठी जर्मनीला गेली. तिथे पूर्ण सत्राचा भार ३० ‘ईसीटीएस’ श्रेयांकांचा. युरोपात वर्षाला ६० श्रेयांक, आणि एक श्रेयांक म्हणजे विद्यार्थ्याचे २५ ते ३० तासांचे काम. वर्गातले तास, वाचन, प्रयोग, परीक्षेची तयारी सगळे त्यात मोजले जाते.

महाराष्ट्रात नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदव्युत्तर अभ्यासक्रमाचे एक सत्र २२ श्रेयांकांचे, वर्ष ४४ श्रेयांकांचे आणि दोन वर्षांची पदवी ८८ श्रेयांकांची. आता तिचे ३० युरोपीय श्रेयांक इथे किती धरायचे?

वर्षाला वर्ष असा हिशेब केला तर ६० म्हणजे ४४, म्हणून ३० म्हणजे बरोबर २२. सत्र पूर्ण. राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यात मात्र वर्षाला ४० श्रेयांक आणि १२०० तास धरले आहेत. त्या प्रमाणात ६० म्हणजे ४०, म्हणजे तिचे ३० श्रेयांक होतात २०. दोन कमी पडले. आणि त्याच आराखड्यातील ३० तासांना एक श्रेयांक हा निकष थेट लावला, तर तिने तिकडे केलेले ७५० ते ९०० तासांचे काम इथे २५ ते ३० श्रेयांकांचे ठरते. म्हणजे उलट जास्तच!

विद्यार्थिनी तीच, अभ्यास तोच, उत्तरे तीन. कोणते सूत्र लावायचे हे जाण्यापूर्वी लेखी ठरलेले नसेल, तर परतल्यावर परीक्षा विभागातील खिडकीपलीकडचा कर्मचारी ठरवतो. त्याचाही दोष नसतो, कारण त्याच्यासमोर असा कागद पहिल्यांदाच आलेला असतो. अशा वेळी सर्वात सुरक्षित सूत्र वापरले जाते, म्हणजे विद्यार्थ्याला सर्वात कमी देणारे. दोन श्रेयांक कमी पडले म्हणून पूर्ण सत्र ‘अपूर्ण’ दिसते, आणि एटीकेटीचा शिक्का न लागताही एटीकेटीसारखी अवस्था होते.

संख्येबरोबर विषयांचाही घोळ असतो. इथल्या पदव्युत्तर आराखड्यात पहिल्या सत्रात संशोधन पद्धतीचे चार श्रेयांक, दुसऱ्यात प्रत्यक्ष कामाच्या अनुभवाचे चार, तिसऱ्यात संशोधन प्रकल्पाचे चार आणि चौथ्यात सहा, असे अनिवार्य कप्पे आहेत. परदेशातील विभाग आपल्या कप्प्यांप्रमाणे विषय आखत नाही. तिकडचा एकच मोठा विषय इथल्या दोन पेपरांत अर्धा-अर्धा बसतो, आणि अर्धा विषय माफ करण्याची सोय कोणत्याही अर्जात नसते.

गुणांचे तर उलटेच. जर्मनीत १.० ही सर्वोत्तम श्रेणी, ४.० म्हणजे कसाबसा उत्तीर्ण आणि ५.० म्हणजे नापास. आपल्याकडे दहापैकी गुण मोजण्याची सवय. १.७ मिळवून परतलेल्या मुलीची गुणपत्रिका चांगली आहे हे आधी समजावून सांगावे लागते.

‘श्रेयांक बँक’ असताना हा प्रश्न का?

जुलै २०२१ मध्ये ‘अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स’ सुरू झाली. विद्यार्थ्याचे श्रेयांक डिजिटल खात्यात साठतात आणि जास्तीत जास्त सात वर्षे वापरता येतात. कल्पना चांगली. पण या बँकेची एक खासियत आहे. खाते विद्यार्थ्याचे, भरणा मात्र संस्थेने करायचा. विद्यार्थी परदेशातून गुणपत्रिका आणून ती स्वतः जमा करू शकत नाही. इथल्या विद्यापीठाने ते श्रेयांक आधी आपले मानायचे आणि मग नोंदवायचे. म्हणजे गाडी फिरून पुन्हा त्याच खिडकीपाशी येते.

वेळापत्रकाचा फटका किती?

श्रेयांकांचे गणित एक वेळ जुळवता येईल, कॅलेंडर जुळवता येत नाही. मुंबई विद्यापीठाचे तिसरे सत्र साधारण जून-जुलैत सुरू होऊन नोव्हेंबर-डिसेंबरात परीक्षेने संपते. जर्मनीतील हिवाळी सत्र १ ऑक्टोबर ते ३१ मार्च. तासिका ऑक्टोबरच्या मध्यावर सुरू होतात, फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत चालतात, नंतर परीक्षा आणि निकाल त्यानंतर काही आठवड्यांनी. म्हणजे खोपोलीची मुलगी एका सत्रासाठी गेली तरी इथली दोन सत्रे अर्धी-अर्धी बुडतात. तिसऱ्याची परीक्षा हुकते आणि चौथे अर्धे सरल्यावर ती परतते. तिथला निकाल येईपर्यंत इथे चौथ्या सत्राचे परीक्षा अर्ज भरून झालेले असतात.

अमेरिकेतील ‘फॉल’ सत्र ऑगस्टच्या अखेरीस सुरू होऊन डिसेंबरच्या मध्याला संपते. ते इथल्या तिसऱ्या सत्राशी बरेच जुळते. युरोपच्या तुलनेत ही मोठी सोय आहे, पण त्या वाटेवर व्हिसाची अनिश्चितता वाढली आहे. त्याबद्दल पुढे.

वर्ष वाया जाणे हे मुंबईतल्या सुखवस्तू घरात ‘गॅप इयर’ म्हणून खपून जाते. कर्जतच्या एखाद्या वाडीत, जिथे एमएस्सीपर्यंत पोहोचणारी घरातली ही पहिलीच मुलगी असते, तिथे त्याच वर्षात लग्नाचा विषय निघतो, धाकट्या भावाचे शुल्क आडवे येते, नेट-सेटची एक संधी हुकते. एक्स्चेंजच्या योजना आखणाऱ्यांच्या हिशेबात हा खर्च कुठेच नसतो.

तिथे गेल्यावर काय बदलते?

कर्जतहून कुर्ल्यापर्यंतचा लोकल प्रवास दीड-पावणेदोन तासांचा. खोपोलीहून निघणाऱ्याचा आणखी लांब, शिवाय कर्जत-खोपोली हा एकेरी मार्ग आणि गाड्या मोजक्या. एक गाडी चुकली की सकाळचा पहिला तास गेला. रोज चार-पाच तास प्रवासात घालवून पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्याला परदेशात पहिला बदल जाणवतो तो हा की वेळ हाताशी असतो. वसतिगृह ते विभाग पायी किंवा ट्रामने, आणि ग्रंथालय रात्रीपर्यंत उघडे. जर्मनीत सत्राच्या सुरुवातीला भरलेल्या वर्गणीत बहुतेक ठिकाणी शहरातील प्रवासाचा पासही येतो.

दुसरा बदल अभ्यासाच्या पद्धतीतला. तिथे चर्चासत्रात विद्यार्थ्याने विषय मांडायचा, इतरांनी तो खोडायचा. प्राध्यापकाला ‘तुमचे हे मत पटत नाही’ असे म्हणणे उद्धटपणा मानला जात नाही. छापील नोट्स आणि मागील पाच वर्षांच्या प्रश्नपत्रिकांवर वाढलेल्या मुलांना पहिले काही आठवडे हे जड जाते. अनेक विषयांना हजेरीची सक्ती नसते, पण परीक्षेसाठी वेगळी नोंदणी ठरलेल्या मुदतीत करावी लागते. ‘तास केले म्हणजे परीक्षेला बसता येईल’ या समजुतीत राहिलेल्यांची मुदत निघून जाते. आरोग्य विमा, पोहोचल्यावर शहराच्या कार्यालयात पत्त्याची नोंद, बँक खाते ही कामे पहिल्या पंधरवड्यात एकट्याने उरकायची असतात. मदतीला तिकडच्या विद्यापीठाचे आंतरराष्ट्रीय कार्यालय असते. आपल्याकडे अशी कार्यालये महाविद्यालयाच्या पातळीवर बहुधा नसतातच.

तिसरा बदल बोलून दाखवला जात नाही. चार-पाच महिने हा काळ रुळायला पुरतो, मुरायला पुरत नाही. भाषा जेमतेम कानाला सवयीची होते, प्रयोगशाळेतले लोक नावाने हाक मारू लागतात, आणि परतीचे तिकीट येते. म्हणूनच या काळात मिळवलेल्या श्रेयांकांना परतल्यावर किंमत उरली नाही, तर त्याचा मनस्ताप परीक्षेत नापास होण्यापेक्षा वेगळा असतो.

उलट्या दिशेची आठवण इथे करायला हवी. अमेरिकेतील ‘असोसिएटेड कॉलेजेस ऑफ द मिडवेस्ट’ या महाविद्यालय समूहाचे विद्यार्थी १९६०च्या दशकाच्या अखेरीपासून अनेक वर्षे पुण्यात सत्रभर राहायला येत. मराठी कुटुंबांत राहायचे, मराठी शिकायचे, छोटा संशोधन प्रकल्प करायचा. त्या काळाचे श्रेयांक त्यांच्या महाविद्यालयात धरले जात, कारण तो कार्यक्रमच महाविद्यालयांनी आखलेला होता. पुण्यात मराठी शिकणे हा अमेरिकी पदवीचा भाग होऊ शकतो. मग जर्मनीत पदार्थविज्ञान शिकणे मराठी मुलीच्या पदवीचा भाग होताना इतक्या अडचणी का याव्यात?

पैसा किती लागतो?

शिकवणी शुल्क नाही म्हणजे खर्च नाही असे नव्हे. जर्मनीच्या विद्यार्थी व्हिसासाठी ‘ब्लॉक्ड अकाउंट’मध्ये रक्कम आधी दाखवावी लागते. सप्टेंबर २०२४ पासून हा आकडा महिना ९९२ युरो म्हणजे वर्षाला ११,९०४ युरो आहे. सहा महिन्यांचे झाले ५,९५२ युरो. एक युरो १०० रुपयांच्या आसपास धरला तर जवळपास सहा लाख रुपये. विमान, विमा आणि व्हिसाचा खर्च वेगळा. पूर्ण परदेशी पदवीपुढे ही रक्कम थोडी, पण ती आधी आणि रोख लागते.

कर्ज काढावे तर शैक्षणिक कर्जाच्या योजना प्रामुख्याने पदवी-पदविका प्रवेशासाठी बेतलेल्या आहेत. एका सत्राच्या निर्वाह खर्चासाठी बँकेला पटवणे कठीण जाते. केंद्राच्या हमी योजनेत साडेसात लाखांपर्यंत तारण लागत नाही, पण त्यावर जायचे तर तारण हवे, आणि शेतजमीन तारण म्हणून घ्यायला बहुतेक बँका राजी नसतात. कर्जत-खालापुरात फार्महाऊस आणि गृहप्रकल्पांमुळे जमिनीचे भाव चढलेले. त्यामुळे ‘सातबारा असून हाती पैसा नाही’ अशी अवस्था असलेली घरे इथे पुष्कळ. विकली तर गेली, ठेवली तर बँक ओळखत नाही.

सरकारी शिष्यवृत्त्या उपयोगी पडत नाहीत?

पडतात, पण पूर्ण पदवीसाठी. राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जातीच्या ७५ विद्यार्थ्यांना मिळते. केंद्राच्या ‘नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिप’च्या १२५ जागा आहेत, त्या अनुसूचित जाती, भटके-विमुक्त, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागीर यांच्या मुलांसाठी. अनुसूचित जमातींसाठी केंद्राची वेगळी योजना आहे. देशभरात २० जागा, त्यांतील तीन विशेष असुरक्षित आदिवासी गटांसाठी राखीव. कातकरी समाज याच गटात मोडतो आणि कर्जत-खालापूरच्या वाड्यांत तो मोठ्या संख्येने आहे. मात्र पदवीपर्यंत पोहोचणाऱ्या कातकरी मुलांची संख्या पाहता त्या तीन जागांसाठी इथून अर्ज जाणे हीच आधी मोठी गोष्ट ठरेल. एका सत्राच्या एक्स्चेंजला यातले काहीच लागू होत नाही.

या योजनांतला पैसाही दरवर्षी हमखास मिळतोच असे नाही. २०२५ मध्ये केंद्राच्या शिष्यवृत्तीसाठी निवडलेल्या १०६ जणांपैकी सुरुवातीला केवळ ४० जणांना तात्पुरती पत्रे मिळाली. उरलेल्यांना ‘निधी उपलब्ध झाल्यास’ असे सांगण्यात आले. परदेशी विद्यापीठांची सत्रे तोंडावर आली असताना हा निरोप मिळाला.

शिष्यवृत्तीची मुदत आणि अभ्यासाची मुदत जुळत नाही ही अडचण जुनी आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये बडोदा संस्थानच्या महिना साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले. पुढे लंडनमध्ये अभ्यास सुरू असतानाच ती मुदत संपली आणि १९१७ मध्ये त्यांना परतावे लागले. लंडन विद्यापीठाने मात्र चार वर्षांच्या आत येऊन अभ्यास पूर्ण करण्याची मुभा दिली होती. ते १९२० मध्ये पुन्हा गेले, १९२१ मध्ये एमएस्सी आणि १९२३ मध्ये डीएस्सी मिळवली. पैशांची सोय त्यांना स्वतः करावी लागली, पण झालेला अभ्यास विद्यापीठाने बाद केला नव्हता.

संस्थेने मनावर घेतले तर काय होते?

याचे उदाहरण कृषी शिक्षणात सापडते. जागतिक बँक आणि भारत सरकार यांच्या निम्म्या-निम्म्या पैशांतून २०१७ मध्ये राष्ट्रीय कृषी उच्च शिक्षण प्रकल्प सुरू झाला. राहुरी आणि परभणीच्या कृषी विद्यापीठांतील विद्यार्थी त्यातून अल्प मुदतीच्या प्रशिक्षणासाठी परदेशी गेले. कृषी विद्यापीठांत येणारी बरीच मुले शेतकरी घरांतली. त्यांना स्वतः करार शोधावे लागले नाहीत. निवड, व्हिसाची कागदपत्रे, तिकडच्या संस्थेशी पत्रव्यवहार, निधी हे संस्थेने पाहिले. प्रकल्पाची मुदत संपली, तशी ती वाटही अरुंद झाली. भाताच्या ‘कर्जत-३’, ‘कर्जत-७’ अशा वाणांमुळे कर्जतच्या भात संशोधन केंद्राचे नाव राज्यभर आहे. फिलिपिन्समध्ये आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्था आहे. इथल्या शेतात प्रबंधाचे काम करणाऱ्या कोकणातील पदव्युत्तर विद्यार्थ्याने एक सत्र तिथे काढणे यापेक्षा स्वाभाविक एक्स्चेंज कोणते?

अमेरिकेची वाट बंद झाली आहे का?

बंद नाही, पण भरवसा कमी झाला आहे. २७ मे २०२५ रोजी अमेरिकेने विद्यार्थी आणि एक्स्चेंज व्हिसाच्या नव्या मुलाखती थांबवल्या. १८ जूनला त्या पुन्हा सुरू करताना अर्जदारांनी समाजमाध्यमांवरील खाती सर्वांना दिसतील अशी ठेवावीत, असे सांगण्यात आले. ऑगस्टमध्ये सुरू होणाऱ्या सत्रासाठी ते तीन आठवडे महागात पडणारे होते. पीएचडी करणाऱ्यांसाठी ‘फुलब्राइट-नेहरू’ची सहा ते नऊ महिन्यांची संशोधन पाठ्यवृत्ती आजही आहे. १९५० मध्ये झालेल्या भारत-अमेरिका कराराचा वारसा तिला आहे, आणि २००८ पासून दोन्ही सरकारे तिचा खर्च बरोबरीने उचलतात. सरकारी पैशांतून मिळालेल्या अशा एक्स्चेंज व्हिसाला परतल्यावर दोन वर्षे मायदेशी राहण्याची अट असते, हे मात्र अनेकांना उशिरा कळते.

परदेशी विद्यापीठेच रायगडात येणार, मग जायचे कशाला?

जून २०२५ मध्ये अ‍ॅबरडीन, यॉर्क, वेस्टर्न ऑस्ट्रेलिया, इलिनॉय इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी आणि इटलीची ‘आयईडी’ ही डिझाइन संस्था अशा पाच संस्थांना मुंबई-नवी मुंबई परिसरात शाखा उघडण्यासाठी इरादापत्रे देण्यात आली. नवी मुंबई विमानतळालगत ‘एज्युसिटी’ उभारण्याची योजना आहे. सुमारे ३० किलोमीटरचा पनवेल-कर्जत उपनगरी मार्ग झाला की कर्जतहून तो परिसर कुर्ल्यापेक्षा जवळ येईल. पण तिथे प्रवेश घेणारा विद्यार्थी त्या परदेशी विद्यापीठाचे शुल्क भरून त्याची पदवी घेणार. कर्जत किंवा खोपोलीच्या महाविद्यालयात शिकणाऱ्याला तिथे एक सत्र बसून ते श्रेयांक आपल्या पदवीत धरता येतील का, याचे उत्तर या शाखा उघडल्याने आपोआप मिळत नाही. त्यासाठी विद्यापीठ-विद्यापीठांत करार लागेलच. फरक इतकाच की व्हिसा आणि ब्लॉक्ड अकाउंट लागणार नाही. जमीन देतानाच जवळच्या सरकारी विद्यापीठांच्या विद्यार्थ्यांसाठी दर सत्रात काही जागा, असे कलम घालणे राज्य सरकारच्या हातात आहे. आतापर्यंतची चर्चा मात्र जागा, गुंतवणूक आणि क्रमवारी यांभोवतीच राहिली.

जाण्यापूर्वी काय लेखी हवे?

संधी मिळालीच, तर व्हिसापेक्षा आधी पाहायची गोष्ट म्हणजे लर्निंग अ‍ॅग्रीमेंटवर इथली सही नेमकी कोणाची आहे. विभागप्रमुखांची सही पुरत नाही. परीक्षा विभागाची संमती हवी. तिकडच्या किती श्रेयांकांचे इथे किती होणार ते सूत्र आकड्यांत हवे, कोणत्या विषयाच्या बदल्यात कोणता पेपर माफ तेही. जर्मन श्रेणीचे दहापैकी गुणांत रूपांतर कसे होणार, निकाल उशिरा आला तर चौथ्या सत्राचा परीक्षा अर्ज कोणत्या तारखेपर्यंत स्वीकारला जाईल, संशोधन प्रकल्पाचे चार श्रेयांक तिकडच्या प्रयोगशाळेतील कामातून धरले जातील का, हेही त्याच कागदावर यावे. तिकडे गेल्यावर एखादा विषय भरला किंवा रद्द झाला तर बदललेला कागद पुन्हा दोन्हीकडे मंजूर करून घ्यावा लागतो. ते काम ई-मेलवर होते, पण इथून उत्तर यायला लागणारा वेळ धरूनच विषय निवडावेत. संलग्न महाविद्यालयातील विद्यार्थ्याने हे सगळे महाविद्यालयामार्फत पाठवावे आणि कलिना येथून मिळालेल्या आवक क्रमांकाची प्रत जपून ठेवावी. पुढे वर्षभराने त्या खिडकीवर दुसरेच कोणी बसलेले असते.